फिस्पच्या वरच्या उतारावरचं गाव: राहायला कसं, आणि तिथे शेती कसली करतात?

ओतूरकर

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण ऑक्टोबरपासून स्वित्झर्लंडात फिस्प नावाच्या गावी रुजू होतेय, औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत. फिस्पमध्ये घर मिळेना, आणि मिळतं ते परवडेना. आता तिला वर डोंगरात ट्योर्बेल म्हणून गाव आहे, तिथलं एक घर सापडलंय. जुनं, लाकडी, दोन खोल्या, भाडं खालच्यापेक्षा बरंच कमी. गाव १५०० मीटर उंचीवर, वस्ती पाचशेच्या आसपास. आईचं एकच पालुपद: एवढ्या उंचावर एकटी पोर बर्फात काय करणार?

मला वेगळंच कुतूहल आहे. आमच्या घरी गाई आहेत, डेअरीला दूध जातं, वैरणीचा हिशोब रोजचाच. उपग्रहाच्या नकाशावर हे गाव पाहिलं तर उतारच उतार, आणि त्यावर सुटीसुटी लाकडी खोपटी विखुरलेली. सपाट जमीन औषधाला नाही. ही माणसं पिकवतात काय? गाई चरताना घसरत कशा नाहीत? आणि सगळं सरकारच्या पैशावर चालतं म्हणतात ते खरं का?

तिकडचं कुणी असेल तर सांगा. व्हिडिओंमधलं हिरवंगार पाहून झालंय, त्यापलीकडचं हवंय.

झुरिचकर

बहिणीला सांगा खालीच राहा. ही डोंगरातली गावं म्हणजे सरकारी खर्चाने मांडलेलं प्रदर्शन. दुकान दुपारी बंद, रविवारी बंद. बोली अशी की इथले जर्मनवालेसुद्धा दोनदा विचारतात. शेतकऱ्याला गवत कापायचे पैसे मिळतात, आणि ते फोटोत छान दिसतं, संपलं.

लोचबर्गचा नवा बोगदा २००७ ला सुरू झाल्यापासून बर्न ते फिस्प रेल्वेने तासाच्या आत होतं. बर्नला चार आपली माणसं आहेत, मंडळ आहे, गणपती असतो. तिथे राहून ये-जा करावी हे उत्तम.

माणदेशी

झुरिचकरांनी निकालच देऊन टाकला की! मी याच खोऱ्यात राहते, ट्योर्बेलपासून लांब नाही अशा एका उतारावर, आणि कामाला फिस्पलाच जाते. सासर इथलं. नवऱ्याच्या काकांच्या गाई आहेत, त्यामुळे जुलैत रजा टाकून गवत ओढायला जावंच लागतं, त्यातून सुटका नाही. तेव्हा ओतूरकर दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो कळला की पहिल्याचं उत्तर सोपं होतं.

आधी जागा समजून घ्या. ऱ्होन नदीच्या काठी फिस्प, साडेसहाशे मीटरवर. तिथून दक्षिणेला फिस्पा नदीचं खोरं आत शिरतं आणि श्टाल्डनला त्याला फाटे फुटतात. एक झर्माटकडे जातो, दुसरा सासकडे. श्टाल्डनच्या डोक्यावर, उन्हाच्या बाजूला ट्योर्बेल. त्याच्याही वर दोन हजार मीटरवर मोसाल्प, म्हणजे उन्हाळी कुरण. गावची जमीन अशी नदीपासून कुरणापर्यंत उभी आहे. पूर्वी एकाच घराची द्राक्षं खाली नदीकडच्या गरम उतारावर, राय (गव्हासारखं एक धान्य) आणि बटाटा गावाजवळ, गवताची रानं मध्ये, आणि गाई उन्हाळ्यात सगळ्यात वर. शेतकरी वर्षभर या जिन्यावरून चढ-उतार करायचा. त्यात वाटण्या सगळ्या मुलांत, मुलींतसुद्धा, सारख्या. त्यामुळे जमिनीचे तुकडे इतके बारीक झाले की गोठ्याचा चौथा हिस्सा, घराचा एक मजला असे वाटे पडले.

आता लोकांना पटत नाही ती गोष्ट. आल्प्स म्हटलं की पाणीच पाणी वाटतं ना? फिस्पला वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास. पुण्यापेक्षा कमी! दोन्ही बाजूंचे चार हजार मीटर उंचीचे डोंगर ढग अडवतात आणि हे खोरं पावसाच्या सावलीत कोरडं राहतं. मी माणची, मला हे ऐकून घरी आल्यासारखं वाटलं होतं. इथे एक ऑगस्टला राष्ट्रीय दिनाच्या होळ्या पेटवतात, पण बऱ्याच वर्षी आमच्याकडे त्यावर बंदी येते, कारण रान वाळून कोळ झालेलं असतं.

म्हणून इथे पाट आहेत. त्यांना सुओने म्हणतात. वरच्या ओढ्यांचं पाणी डोंगराच्या कडेकडेने, कुठे खडकात कोरून, कुठे लाकडी पन्हळीतून गावाच्या रानावर आणायचं. आणि हे पाणी देतात कशाला, तर गवताला! ऊस नाही, कांदा नाही. गवत हेच इथलं पीक.

त्याचं कारण हिवाळा. ऑक्टोबर ते मे जनावर गोठ्यात बांधलेलं. तेवढ्या महिन्यांची वैरण उन्हाळ्यातच करून ठेवायची. १५०० मीटरवर दोनच कापण्या मिळतात. पहिली जूनअखेर ते जुलैत, दुसरी ऑगस्टच्या सुमारास, तिचं गवत मऊ आणि हिरवं असतं आणि दुभत्या जनावरासाठी राखतात. काट्याच्या चाकांचं हाती मशीन उतारावर आडवं चालतं. ते जिथे उलटेल तिथे अजून विळाच, लांब दांड्याचा. वाळलं की मजा सुरू होते. पूर्वी हे गवत दाताळ्याने खाली ओढत आणि पाठीवर भारे वाहत. आता काका पाठीला झाडपाला उडवायचं पंख्याचं यंत्र अडकवतात आणि वाऱ्याच्या झोताने गवत उतारावरून ढकलत खाली आणतात. वर काका गर्रर्र करत उभे, मधोमध गवताची लाट, आणि खाली आम्ही दाताळी घेऊन नाकातोंडात धूळ जात असलेले. पाऊस संध्याकाळी येणार असेल तर त्या दिवशी कुणी कुणाशी धड बोलत नाही.

तुम्ही नकाशात पाहिलेली खोपटी म्हणजे गवताचे गोठे. खाली जनावर, वर वैरण. ती गावात न बांधता रानोमाळ का विखुरली? तर गवत वाहून एका जागी आणण्यापेक्षा गाय गवताकडे नेणं सोपं. एका गोठ्यातली वैरण संपली की गाई पुढच्या गोठ्यात, ती संपली की त्याच्या पुढच्या. मालक रोज पहाटे आणि संध्याकाळी बर्फातून तिथे जाऊन दूध काढणार, शेण त्याच रानात पडणार. आता रस्ते झाले, ट्रॅक्टर आले, त्यामुळे बरेच गोठे रिकामे आहेत. गावातली धान्याची कोठारं वेगळी. ती लाकडी पायांवर असतात आणि प्रत्येक पायावर जात्याच्या पाळूसारखी दगडी चकती बसवलेली. उंदीर खांबावरून चढतो आणि चकतीच्या पोटाला आपटून परत फिरतो.

आता यातला खरा मुद्दा. वरचं कुरण कुणा एकाचं नाही, गावाचं आहे. जंगलही गावाचं, पडीकही, पाटही, वाटाही. आपल्याकडे गायरान सगळ्यांचं म्हटलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. ट्योर्बेलच्या लोकांनी १ फेब्रुवारी १४८३ ला सह्या करून त्यासाठी मंडळी स्थापली, आणि १५१७ सालचा नियम असा, की जेवढ्या गाई तू हिवाळ्यात पोसू शकतोस तेवढ्याच उन्हाळ्यात वर पाठवायच्या. बस. तुझ्या गोठ्यातल्या गवतावर तीन गाई निघतात ना, मग वर तीनच. जादा नेलीस तर दंड, आणि दंडातला अर्धा वाटा पकडणाऱ्या कारभाऱ्याचा, म्हणजे तो डोळेझाक करणार नाही. वर जाताना गाई मोजायच्या आणि त्या आकड्यावर शेवटी चीजची वाटणी. कुणाची खाजगी जमीन किती ते सगळ्या गावाला ठाऊक, त्यामुळे खोटं बोलायला जागाच नाही. कुरण किती जनावर सोसेल याचा हिशोब कुणी बसून केला नाही, हिवाळ्याने तो आपोआप केला.

रॉबर्ट नेटिंग नावाचे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ १९७० च्या दशकात या गावात राहून हे सगळं जुनं दप्तर उकलत बसले होते. त्यांच्या कामावरून एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंनी ट्योर्बेलचा दाखला जगभर नेला. सामाईक मालमत्ता लोक स्वतः नीट सांभाळू शकतात हे दाखवलं म्हणून त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि झुरिचकर म्हणतात प्रदर्शन!

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी गावाची जाहिरात करतेय असं वाटेल. हा नियम परक्याला बाहेर ठेवूनच चालला. जुन्या कागदात स्पष्ट आहे, बाहेरच्याने गावात जमीन घेतली तरी कुरणावर हक्क नाही. आपल्याकडच्या मिरासदार आणि उपरी या भेदाची आठवण येते. आजही गावची नगरपालिका वेगळी आणि मूळ घराण्यांची मंडळी वेगळी. स्विस पासपोर्टवर जन्मगाव नसतं, मूळगाव असतं. नवरा कधीही न राहिलेल्या एका गावाचं नाव मिरवतो. तुमची बहीण तिथे उपरीच राहणार. त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, पण ठाऊक असलेलं बरं.

पैशाचं. होय, सरकार देतं. साऱ्या देशात मिळून वर्षाला २८० कोटी फ्रँकच्या आसपास थेट शेतकऱ्याला. उतार १८ टक्क्यांच्या वर गेला की त्याचे वेगळे, ३५ च्या वर आणखी, ५० च्या वर त्याहून जास्त. जनावरं उन्हाळ्यात वर नेली की त्याचे वेगळे. पण हे गुपचूप दिलेलं अनुदान नाही. शेती देशाला काय काय देते ते १९९६ साली सार्वमताने राज्यघटनेत लिहून घेतलंय. उतारावर गवत कापलं नाही तर चार-पाच वर्षांत झुडपं येतात, मग जंगल. आणि ते लांब राहिलेलं वाळकं गवत आडवं होऊन त्यावरून बर्फ घसरतो. तेव्हा काका कापतात ते फोटोसाठी नव्हे.

शिवाय निव्वळ शेतीवर इथे फार कुणी कधी जगलंच नाही. खाली फिस्पला लोन्झाचा रासायनिक कारखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. वरच्या गावांतल्या दोन-तीन पिढ्यांनी कारखान्यात पाळी करायची आणि पाळी सुटली की रानात विळा चालवायचा असं आयुष्य काढलं. सासऱ्यांनी तेच केलं. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी नऊला गवत उलटत असायचा. आता तोच कारखाना औषधांचा झालाय आणि जगभरची पोरं येतात, त्यात तुमची बहीण.

गाई घसरत नाहीत का? आमच्याकडच्या काळ्या-तांबूस एरिंगर गाई बुटक्या, रुंद छातीच्या, पाय रोवून चालणाऱ्या. दूध बेताचंच. त्यांचा खरा मान झुंजीत. कुरणावर पहिल्या दिवशी सगळ्या एकत्र सोडल्या की शिंगाला शिंग लावून आपापसात क्रम ठरवतात, माणसाने काही करायचं नसतं. जिंकते ती राणी. त्याच्या स्पर्धा होतात, अंतिम फेरी मे महिन्यात अप्रोझला. काकांचा फोन त्या दिवशी लागत नाही. शिंगांवरून आठवलं, शिंगं न जाळणाऱ्या शेतकऱ्याला पैसे द्यावेत का यावर २०१८ मध्ये अख्ख्या देशाने मतदान केलं. ५४.७ टक्के लोक नाही म्हणाले. आमच्या घरात त्यावर दोन तट पडले होते.

पांझराकाठ

माणदेशी ताई, वाचून थांबवेना. आमच्या साक्री भागात पांझरेवर फड आहेत, ठाऊक असेलच. नदीवर बंधारा, त्यातून पाट, रानाचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी वाटायला पाटकरी. शेतकरी स्वतः पाण्याला हात लावत नाही. राखणीला जागल्या. मजुरी सगळ्यांनी मिळून द्यायची. माझ्या आजोबांच्या वेळी जोरात होतं, आता विहिरी आणि मोटारींनी मोडत आलंय.

तुमच्याकडे पाळी कशी ठरते? पाटकरी कोण असतो?

माणदेशी

पाटकरी असतोच. पाटावर फिरून फुटी बुजवणारा माणूस नेमलेला, आणि वसंतात अख्ख्या गावाने मिळून पाट उपसायचा. पाळी तासांवर. कुणाचे किती तास हे लाकडाच्या छोट्या पट्ट्यांवर खाचा पाडून ठेवत, पट्टीच्या एका बाजूला घराण्याची खूण. टेसल म्हणतात त्यांना. कुरणाच्या हक्कांसाठीही अशाच पट्ट्या असत. जमीन विकली की तासही विकले जात. रात्री दोनची पाळी आली की रात्री दोनला रानात, तुमच्या फडात शेतकऱ्याला झोप तरी मिळत होती! आता बहुतेक ठिकाणी तुषार लावलेत, पण पाट चालू ठेवलेत. २०२३ मध्ये युनेस्कोने युरोपातल्या या पारंपरिक सिंचनाची वारसा म्हणून नोंद केली, त्यात हेही आले. फडांसाठी कुणी खटपट करायला हवी खरं तर.

ओतूरकर

ताई, आईला वाचून दाखवलं. शेवटी तीच म्हणाली, म्हणजे आपल्यासारखीच माणसं आहेत की. पण आता तिने वेगळं काढलंय. गेल्या वर्षी की कधी एक गाव डोंगराखाली गेलं ते तिकडचंच ना? आणि आम्ही माळकरी, पोरगी खाणार काय?

माणदेशी

ते ब्लाटन. आमच्यापासून ऱ्होनच्या पलीकडे, लोचनच्या खोऱ्यात. २८ मे २०२५ ला वरच्या बिर्च हिमनदीवर डोंगराचा कडा कोसळत गेला आणि सगळं मिळून खाली आलं, गाव जवळजवळ पूर्ण गाडलं गेलं. पण त्याआधी नऊ दिवस, १९ तारखेला, तीनशेच्या आसपास लोकांना बाहेर काढलेलं होतं. डोंगरावर नजर ठेवणारे लोक आणि यंत्रं असतात, त्यांनी सांगितलं आणि लोक जनावरांसकट निघाले. तरी एक माणूस गेला. आमच्या कारखान्यात तिकडचे लोक कामाला आहेत. त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत टेबलावर कुणी आवाज केला नाही.

आईंना सांगा, प्रत्येक गावाचा धोक्याचा नकाशा असतो. लाल, निळा, पिवळा. लाल पट्ट्यात नवं घर बांधू देत नाहीत. घर कोणत्या रंगात आहे ते गावच्या कचेरीत विचारता येतं, कुणी वाकड्या नजरेने बघत नाही. मी घर घेताना विचारलं होतं.

बर्फाचं म्हणाल तर रस्ता पहाटेच झाडून ठेवतात. पिवळी पोस्टाची बस येते, वळणावर तीन सुरांचा भोंगा वाजवते. रात्रपाळी असेल तर मात्र बसचं वेळापत्रक आधी पाहा, गाडी लागू शकते. भारतीय परवाना बारा महिने चालतो, पुढे बदलून घ्यावा लागतो आणि त्यासाठी गाडी चालवून दाखवावी लागते. ते शेवटच्या महिन्यावर ढकलू नये. हिवाळी टायर ऑक्टोबर ते ईस्टर.

जेवणाचं थोडं कडू सांगते. दूध, दही, लोणी उत्तम. रायची भाकरी म्हणावी अशी काळी आंबट पाव मिळते, पूर्वी गावच्या सामाईक भट्टीत वर्षातून दोन-चारदाच भाजायचे आणि महिनोन्महिने खायचे, म्हणून ती टिकते. पण माळकरी असाल तर चीज विचारून घ्या. इथल्या पारंपरिक चीजमध्ये, राक्लेट नावाचं वितळवून खायचं चीज धरून, वासराच्या पोटातलं विरजण असतं. दुकानात वनस्पतीजन्य विरजणाचंही मिळतं, पाकिटावर लिहिलेलं असतं. डाळ-तांदूळ फिस्पला मिळतात. ज्वारीचं पीठ मी तिकडून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत घुसवते, बहिणीच्याही घुसवीन.

एकटेपणाचं झुरिचकर म्हणतात ते अर्धं खरं. पहिला हिवाळा लांब वाटतो. पण वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करायची पद्धत आहे, ती तिने मोडू नये. आणि रविवारी कपडे धुऊन बाहेर वाळत घालू नयेत. शेजारच्या आजी काही बोलणार नाहीत, पण सोमवारी सगळ्यांना ठाऊक असेल. जुलैत कुणाच्या रानात गवत उलटताना दिसलं आणि दाताळं हातात घेतलं तर मात्र पुढचे सहा महिने बटाटे विकत घ्यावे लागत नाहीत.

घर बघायला येईल तेव्हा दोन गोष्टी विचारायला सांगा. एक, घराचे मालक किती. जुन्या घरात वरचा मजला एका भावंडाचा, खालचा दुसऱ्याचा असं असतं, मग छप्पर गळलं की दुरुस्ती कुणी करायची यावर चर्चाच होत राहते. दुसरी, ऊब कशाची आहे. खोलीत मऊ दगडाची मोठी चौकोनी शेगडी असेल, त्यावर बांधणाऱ्याची अक्षरं आणि साल कोरलेलं असेल, ती फार देखणी दिसते आणि रात्रभर गरम राहते, पण लाकूड कोण देणार? तेल किंवा वीज असेल तर तो खर्च भाड्यात धरलाय की वेगळा? वेगळा असेल तर गेल्या हिवाळ्याचं बिल बघायला मागावं. भाडं कमी दिसतं ते बऱ्याचदा तिथेच भरून निघतं.

ओतूरकर

बिलाचं लगेच कळवतो तिला. आणि ताई, ते पंख्याचं यंत्र किती वजनाचं असतं? आमच्याकडे उतारावरचा चारा अजून डोक्यावरूनच येतो.

माणदेशी

काका म्हणतात, पेट्रोल भरून दहा-बारा किलो. चारा पूर्ण वाळलेला असेल तरच चालतं, ओला असेल तर जागचा हलत नाही. आणि कानाला लावायला काहीतरी घ्या.